न सापडणाऱ्या कागदाचे उपकार

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके होतात, असे कुणीही सांगेल. चौथ्या पिकाची नोंद मात्र ई-पीक पाहणीत होत नाही. हे पीक बारमाही आहे. त्याला पाऊस लागत नाही, बोंडअळी त्याच्या वाटेला जात नाही, रोही त्याला तोंड लावत नाही, आणि वावर नसलेल्या घरातही ते भरघोस येते. हे पीक म्हणजे न सापडणारा कागद. तालुक्याच्या चलनवलनात त्याचा वाटा मोठा असूनही त्याचा जाहीर गौरव अजून कुणी केलेला नाही. ती उणीव भरून काढणे हे नागरिक म्हणून आपले कर्तव्य आहे.

न सापडणारा कागद म्हणजे हरवलेला कागद नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. कागद हरवला तर माणूस दुय्यम प्रत काढतो आणि मोकळा होतो. न सापडणारा कागद घरातच असतो. तो आहे याची घरातल्या प्रत्येकाला खात्री असते आणि तो शेवटचा कुणी पाहिला याबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे असते. लागणार नाही त्या दिवशी तो हाताला लागतो. लागणार असतो त्या दिवशी पत्र्याची पेटी, देव्हाऱ्यामागचा कोनाडा, गादीखालची थैली आणि कपाटाचा वरचा कप्पा उपसूनही दिसत नाही. एरवी वेगवेगळ्या खोल्यांत मोबाईल पाहत बसणारे कुटुंब त्या दिवशी एकत्र येते आणि एकमेकांशी मोठ्याने बोलते.

स्मार्टफोन आल्यावर ही परंपरा खंडित होईल, अशी भीती काही जाणत्यांना वाटली होती. ती निराधार ठरली. आता आपण प्रत्येक कागदाचा फोटो काढतो, तो व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि निश्चिंत होतो. फोन त्या फोटोला आयएमजी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि चार आकडे असे नाव देतो. हे नाव अत्यंत प्रामाणिक आहे. फोटो कधी आला हे ते सांगते. तो कशाचा आहे, कुणाचा आहे आणि कशाला लागेल याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. सुप्रभातचे फूल, भाच्याचा वाढदिवस, फवारणीच्या औषधाची बाटली आणि आजोबांच्या जमिनीचा फेरफार हे सगळे गॅलरीत एकाच रांगेत बसतात. इतकी समता आपण अन्यत्र क्वचितच पाळली असेल.

या सुरळीत व्यवस्थेत अलीकडे काही तरुण विघ्न आणू पाहत आहेत. त्यांचे म्हणणे असे, की कागद स्कॅन केल्याबरोबर त्याला नाव द्यावे: वर्ष, व्यक्ती, कागद. ‘२०२४, सुनिता, उत्पन्न दाखला.’ मग त्याला टॅग लावावेत, म्हणजे ओळखीच्या लहान चिठ्ठ्या. पहिली चिठ्ठी कागद कुणाचा आहे याची. दुसरी तो कोणत्या जातीचा आहे याची: शेती, शिक्षण, बँक, दवाखाना. तिसरी तो कशाकशाला लागतो याची. चौथी मुदत कधी संपते याची. आणि पाचवी, मूळ कागद घरात कुठे ठेवला आहे याची. फोल्डरमध्ये कागद एकाच जागी राहतो. मुलीचा जातीचा दाखला ‘शिक्षण’मध्ये ठेवला, तर घरकुलाच्या अर्जाच्या वेळी तो ‘घर’मध्ये सापडत नाही. टॅग मात्र एका कागदाला हवे तितके लावता येतात. दाखला एकच राहतो आणि ज्या नावाने हाक मारावी त्या नावाने समोर येतो.

सूचना वरवर निरुपद्रवी दिसते आणि तिच्यामागे थोरामोठ्यांचा आधारही उभा केला जातो. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध केली. एका पुस्तकाला एकच खण पुरत नाही, त्याचा विषय अनेक पैलूंनी पाहावा लागतो, हे तिचे सूत्र होते. त्याहून मागे जायचे, तर पुण्याचे पेशवे दफ्तर आहे. तिथले कागद रुमालांत बांधलेले, आणि रुमाल घडणी, पागा, जमाव, चिटणिशी अशा दफ्तरांत लावलेले. त्या मांडणीतून वाट काढत रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून घेतले. म्हणजे पेशव्यांच्या पागेतल्या घोड्यांना दिलेल्या चंदीचा हिशेब आज मिळू शकतो. आपल्या सोसायटीच्या कर्जाची गेल्या वर्षी भरलेली पावती मिळू शकत नाही. पेशवाई कशाने बुडाली यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, पण ती दफ्तरामुळे बुडाली नाही, एवढे मात्र खरे. तरीही आपण सावध राहिलेले बरे.

कारण कागद सापडू लागले तर काय होईल, याचा शांतपणे विचार केला पाहिजे. फुलसावंगीचा किंवा हिवऱ्याचा कास्तकार तहसीलला महागावात येतो. एक कागद कमी पडतो, तो परत जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. या दुसऱ्या दिवसावर किती संसार उभे आहेत! ऑटोवाला आहे, झेरॉक्सवाला आहे, चहाची टपरी आहे, अर्ज भरून देणारा आहे, आणि ‘तुमचं काम करून देतो’ म्हणणारा तो सद्गृहस्थ आहे, ज्याच्याकडे दुकान नाही पण गिऱ्हाईक कायम आहे. कास्तकाराची एक दिवसाची मजुरी बुडते, हे खरे. पण ती मजुरी गावातल्या गावात वाटली जाते. पैसा तालुक्याबाहेर जात नाही, हा अर्थशास्त्राच्या दृष्टीने लहान लाभ नव्हे.

यंत्रणेलाही या पिकाची सोबत आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. दाखला किती दिवसांत द्यायचा याची मुदत त्याने ठरवून दिली आहे, आणि ती पाळली नाही तर अपिलाची सोयही आहे. पण ही मुदत मोजली जाते ती आवश्यक त्या कागदांसह आलेल्या अर्जापासून. अर्धवट अर्जावर कायद्याचे घड्याळ सुरूच होत नाही. कार्यालयावर उशिराचा ठपका येऊ नये म्हणून आपण नागरिक एक कागद घरी विसरून येतो. लोक आणि शासन यांच्यातले इतके समजूतदार सहकार्य कोणत्याही जनसुनावणीतून उभे राहिले नसते. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, हे त्या दाखल्यावरच छापलेले असते. मुदतीची चिठ्ठी लावणारा माणूस ते फेब्रुवारीत वाचतो. आपण ते जूनमध्ये वाचतो, प्रवेशाच्या खिडकीसमोर, मागे रांग उभी असताना.

जात पडताळणीत या परंपरेची खरी उंची दिसते. जातीची वैधता सिद्ध करायला ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे तांड्यावरच्या बंजारा मुलीला १९६१ च्या आधीचा आणि आंध समाजाच्या मुलाला १९५० च्या आधीचा आजोबा कागदावर उभा करावा लागतो. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, त्यांच्याकडून शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागायचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या न्यायबुद्धीला दाद दिली पाहिजे. आजोबा शाळेत गेले नसतील, तर कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नकल शोधावी लागते. त्यासाठी घरचा थोरला मुलगा महिनोन्महिने फिरतो. शेवटी कागद मिळतात, वैधता मिळते, पेढे वाटले जातात आणि सगळा गठ्ठा थैलीत जातो.

चार वर्षांनी धाकटी बारावी होते. थोरल्या भावाची वैधता हा तिच्या प्रकरणातला सर्वांत भक्कम आधार. तो कागद घरात आहे. त्याचा फोटोही कुणीतरी काढला होता, पण तो फोन नंतर विकला. मग तोच उतारा, तीच नकल, तीच वंशावळ पुन्हा पहिल्यापासून. एका कुटुंबाने एकाच आजोबाला दोनदा शोधून काढावे, यातली पितृभक्ती कुणाच्याही लक्षात येईल. दरम्यान प्रवेशाची तारीख निघून जाते. जागा रिकामी राहत नाही. ती ज्याचे कागद लावलेले होते त्याला मिळते. आपल्या मुलीने दुसऱ्याच्या मुलासाठी केलेला हा त्याग बहुतेक वेळा तिला न विचारताच केलेला असतो, त्यामुळे तिच्या मनावर ओझेही राहत नाही.

सरकारलाही हा अनुभव आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली. मोडी वाचणारे शोधावे लागले, मग पाने स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकली गेली. अख्खे प्रशासन कामाला लागले, तेव्हा कुठे पणजोबा सापडू लागले. आपण आज ज्या निष्ठेने बिननावाचे फोटो साठवतो आहोत ती पाहता, आपल्या पतवंडांसाठीही अशीच एखादी समिती नेमावी लागेल. रोजगाराची एवढी दूरदृष्टी क्वचितच कुणी दाखवली असेल.

कागदांच्या बाबतीत आपण उदार आहोत, हेही नोंदवले पाहिजे. देशातले पहिले आधार आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. तेव्हापासून आपण ते कुणालाही द्यायला मागेपुढे पाहिलेले नाही. सिमकार्डवाल्याला दिले, लॉजवाल्याला दिले, अर्ज भरणाऱ्याच्या संगणकावर ‘आधार नवीन’, ‘आधार नवीन २’, ‘आधार फायनल’ अशा नावांनी ठेवून आलो. फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे, झाकलेले आधार काढता येते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका विभागीय कार्यालयाने, उघडी झेरॉक्स कुणालाही देऊ नका, झाकलेले आधार द्या, असे पत्रक काढले होते. दोन दिवसांत ते मागे घेतले गेले; लोकांनी नेहमीची खबरदारी घ्यावी, एवढेच सांगितले गेले. नेहमीची खबरदारी म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहेच. आपल्या घरात न सापडणारा कागद अनोळखी माणसाच्या संगणकात दोन मिनिटांत सापडतो. तेव्हा कागद जपले जात नाहीत, ही टीका अन्यायाची आहे. ते जपले जातात, फक्त आपल्याकडे नाही.

डिजिलॉकर २०१५ पासून आहे. त्यात सरकारी विभागाने थेट दिलेला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे, असा नियम २०१७ मध्ये झाला. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो, त्यावर पटवाऱ्याची सही लागत नाही. या सगळ्याचा आपण मान राखतो. खिडकीवर फोन पुढे केला की समोरून शांतपणे विचारले जाते, ‘झेरॉक्स आणली का?’ आणि आपण तितक्याच शांतपणे रस्ता ओलांडतो. सरकारने दिलेला कागद सरकारलाच दाखवण्यासाठी तो सरकारी संकेतस्थळावरून उतरवून खासगी दुकानात छापून घ्यायचा, या वर्तुळात कुणीच दुखावले जात नाही. स्वतः काढलेल्या स्कॅनला मात्र मूळ कागदाचा दर्जा मिळत नाही. म्हणूनच ते तरुण ‘मूळ कुठे आहे’ ही पाचवी चिठ्ठी लावा म्हणतात. तरुण मंडळी फार पुढचा विचार करतात, हाच त्यांचा दोष.

बँकांवरचा आपला उपकार तर आकड्यांत मोजता येतो. दहा वर्षे कुणी हात न लावलेली खाती आणि ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. मार्च २०२४ अखेर तिथे ७८,२१३ कोटी रुपये होते. हे पैसे कुणी लुबाडलेले नाहीत. वारसांपैकी कित्येकांना पासबुक आहे हेच माहीत नव्हते, कित्येकांना ते सापडले नाही. निधीचे नाव आहे ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी. म्हणजे जागरूक नसलेल्यांच्या पैशातून जागरूकतेची सोय झाली. मूळ मालकाला किंवा वारसाला ही रक्कम बँकेकडून परत मागता येते, आणि ती कोणत्या बँकेत आहे हे शोधायला २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचे पोर्टलही सुरू झाले. मागायला कागद लागतात, एवढीच अट आहे.

या सगळ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे घरातला कर्ता पुरुष. कोणता कागद कुठे आहे हे त्याला ठाऊक असते. त्याला यादी लागत नाही, टॅग लागत नाहीत. तो स्वतःच यादी असतो. माय, बायको, मुली यांना हे ठाऊक असण्याची गरज त्याला कधी वाटलेली नसते, आणि त्यांनी विचारलेले त्याला आवडलेलेही नसते. ‘तुला काय करायचं त्याचं?’ या एका वाक्यावर आपल्या गावांतली निम्मी दप्तरे चालतात. ही पद्धत अतिशय सुटसुटीत आहे आणि तो जिवंत आहे तोवर ती बिनचूक चालते.

यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य लिहिताना पुढचेही लिहावे लागते. शेतकऱ्याने आत्महत्या केली, तर शासनाची एक लाख रुपयांची मदत कुटुंबाला मिळते. प्रकरण पात्र की अपात्र हे समिती ठरवते आणि ते कागदांवर ठरते: जमीन कुणाच्या नावे होती, कर्ज बँकेचे, सोसायटीचे की परवानाधारक सावकाराचे, ते थकलेले होते का, वसुलीचा तगादा होता का. घरातली यादी गेलेली असते. पासबुक कुठे आहे हे ज्या बाईला आयुष्यभर सांगितले नाही, तिलाच ते आता शोधायचे असते. सातबाऱ्यावर वारस म्हणून स्वतःचे नाव चढवायला अर्जही तिलाच करायचा असतो. त्यात माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचे आधारवर आणि तिसरेच रेशनकार्डावर. या घराला न सापडणाऱ्या कागदाने काय दिले, याचा हिशेब गौरवाच्या या लेखात बसत नाही.

गौरव पुरा करायचा, तर त्याचे लाभार्थी नीट मोजले पाहिजेत. ऑटोवाल्याला भाडे मिळाले, दुकानदाराला गिऱ्हाईक मिळाले, मध्यस्थाला दलाली मिळाली, कार्यालयाला मुदतीतून सवलत मिळाली, निधीला ठेव मिळाली. या यादीत ज्याचा कागद होता तो कुठेच नाही. ज्या मुलीची जागा गेली ती नाही आणि जी बाई पेटी उपसत बसली आहे तीही नाही. एवढा मोठा उद्योग ज्यांच्या खांद्यावर चालतो, त्यांना त्याचा नफा मिळावा अशी तरतूद कुणी केलेली नाही.

म्हणून ज्या घराला हा उद्योग बुडवायचाच आहे, त्याने काय करू नये, तेही सांगून ठेवतो. पेटी आणि थैली एका संध्याकाळी जमिनीवर ओतू नये. घरच्या प्रत्येकाचे पाच कागद निवडून उजेडात, सरळ फोटो काढू नयेत. त्यांना वर्ष, व्यक्ती आणि कागद असे नाव देऊ नये. कुणाचा, कशाचा, कशासाठी, कधीपर्यंत आणि मूळ कुठे, या चिठ्ठ्या लावू नयेत. त्यांची प्रत दुसऱ्या फोनवर किंवा पेनड्राईव्हवर ठेवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, हे करताना शेजारी मुलीला आणि बायकोला बसवून, ‘हे असं शोधायचं,’ असे दाखवून देऊ नये. कारण त्या एकदा शिकल्या की तहसीलच्या खिडकीवर पहिल्याच दिवशी सगळे कागद घेऊन उभ्या राहतील, पोच मागतील, आणि पोच मिळाली की कायद्याची मुदत मोजायला लागतील. मग उशीर नेमका कुणामुळे झाला, हे महागावात पहिल्यांदाच सर्वांसमोर येईल.